सॅक

झोप येत नाहीये. पाय ठणकतायत, पण त्यामुळे नाही, ते सॅकचंच डोक्यातून जात नाहीये.

सकाळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्डहून निघालो, ईस्टबोर्नपर्यंत समुद्राकाठाने साधारण 22 किलोमीटर. ककमिअर नदीपर्यंत मी पुढे होते. तिथे पलीकडचा काठ अगदी समोर दिसतो पण नदीच्या मुखाशी पूलच नाही, आत एक्सीटच्या पुलापर्यंत जायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. त्यानंतर सेव्हन सिस्टर्स, म्हणजे खडूच्या पांढऱ्या कड्यांवरून चढा, पार खाली उतरा, परत चढा, आणि तिसऱ्या चढाला धाकट्याने मागून येऊन माझ्या खांद्यावरचा पट्टा अलगद काढला आणि सॅक स्वतःच्या पोटावर अडकवली. विचारलं नाही. सूनबाईशी चाललेलं बोलणंसुद्धा थांबवलं नाही.

होतं काय त्यात, बाटली, दशम्यांचा डबा, स्वेटर, गोळ्या. मी मागितली होती का मदत? आणि खरं सांगायचं तर सॅक गेल्यावर इतकं हलकं वाटलं की त्याचाच जास्त राग आला. हात मोकळे, त्यांचं काय करायचं कळेना, म्हणून वाटेतला एक गारगोटीचा तुकडा उचलला, बाहेरून पांढरा खरखरीत, फुटलेल्या बाजूने काळा कुळकुळीत काचेसारखा, तोच मुठीत धरून चालत राहिले.

म्हणजे तो मागून बघत होता. कधीपासून? आज, की मी आल्यापासून? मी जिना उतरताना कठडा धरते तेही बघतो का? ह्यांच्या शेवटच्या वर्षात मीही असंच मागे राहून बघायचे, त्यांना कळू न देता. जाऊ दे.

बर्लिंग गॅपला चहा झाला, पुढे बेल टूटचं जुनं दीपगृह. कडा ढासळत ढासळत पार भिंतीजवळ आला तेव्हा 1999 मध्ये ती अख्खी इमारत जॅकवर उचलून 17 मीटर मागे सरकवली म्हणे. धाकटा उत्साहाने सांगत होता. पडायची वाट बघत बसलं नाही कुणी, हे मला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले, वारा जोरात होता म्हणून कुणाला कळलं नाही. तिथून पुढे बीची हेडचा चढ मोठा आहे, सगळ्यात उंच कडा तोच, पण मी चढले, न थांबता.

शेवटच्या उताराला सॅक परत मागितली. दिली त्याने, लगेच. बाटली आणि डबा आधीच काढून स्वतःच्या सॅकमध्ये टाकलेले होते, ते मला खांद्यावर घेतल्यावर वजनावरून समजलं. काही बोलले नाही मी. डबा राहू दे त्याच्याकडे, दशम्या तशाही त्यालाच लागतात.