फौजीचा क्लच: प्लेटा निर्दोष सुटल्या

मागच्या वेळी मी छाती फुगवून लिहिलं होतं की फौजीच्या, म्हणजे माझ्या जुन्या बुलेटच्या, घसरणाऱ्या क्लचचं प्रकरण नव्या प्लेटा घालून मिटलं. ते शब्द गिळतो.

गेल्या रविवारी बेळगावहून चोर्ला घाटात गेलो. जांबोटी, कणकुंबी, सगळीकडे गाडी लोण्यासारखी. घाट उतरून केरीला चहा-भजी झाली. परतीला चढ लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, तिसऱ्या गिअरला, इंजिन अचानक मोकळं ओरडलं. मूठ पिळावी तसा आवाज वाढतोय, गाडी मात्र तिथल्या तिथं. क्लच पुन्हा घसरत होता. मागे मेहुणा. तो म्हणतो, "दाजी, ओरडाय लागलीय लई, चालंना झालीय." वरून पाऊस. त्याला उतरवलं, दुसऱ्या गिअरला अर्ध्या थ्रॉटलवर रांगत वर आलो. मेहुणा मागून गोव्याच्या एका टेम्पोत बसून आला आणि माझ्या आधी चोर्ल्याला पोचला. हे तो आता प्रत्येक जेवणात सांगतो.

म्हणजे नव्या प्लेटा घालून जेमतेम महिना. ३५० किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

पहिला संशय अर्थातच प्लेटांवर. त्या मी ऑनलाइन मागवल्या होत्या, 'ओरिजिनल' छापलेल्या डब्यातून, आणि डबा उघडताच फायबरचा भुगा खाली पडला होता, हे तुम्हाला सांगितलंय. विकणाऱ्याला फोन केला तर "फिटिंग चुकलं असेल" हे तयार उत्तर. त्यामुळे सोमवारी कोल्हापूरला जाऊन दुसरा सेट आणायचा बेत पक्का केला. उद्यमनगरात एक म्हातारे दुकानदार आहेत, प्लेट हातात घेऊन नखानं खरवडून दाखवतात आणि मगच पैसे मागतात. महाग, पण बोलणं खरं.

पण सोमवारी सकाळी कामावर जायला किक मारली आणि पाय सरळ खाली गेला. इंजिन फिरलंच नाही. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून, क्लचवरून इंजिनाला जाते, त्यामुळे क्लच घसरत असेल तर किक पण घसरते, हे आपल्याला माहीत आहे. प्रश्न असा की आदल्या संध्याकाळी, घाटातून तापून आलेल्या गाडीला किक नीट लागत होती. रात्रभर नुसती उभी राहिल्यावर क्लच आणखी बिघडला? प्लेटा झोपेत झिजत नाहीत. कोल्हापूर रद्द.

संध्याकाळी चेन केस, म्हणजे डावीकडची क्लच आणि चेनची ऑइल भरलेली पेटी, उघडली. फूटरेस्ट, ब्रेक पेडल काढा, मधला तो एकच नट सोडा. अख्खं कव्हर एका नटावर धरायची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. त्या रबर सीलनं मला ऑइलचे डाग कसे काढायचे ते शिकवलं. तर, सोडायच्या आधी एक शहाणपण केलं. ऑइल मोजून काढलं. घरात पोराची जुनी दुधाची बाटली होती, मिलीचे आकडे असलेली, तीत तीनदा ओतून मोजलं. महिन्यापूर्वी मी ४२० मिली घातलं होतं. निघालं ५१०.

चेन केस गळते, हे मान्य. पण माझी चेन केस ऑइल बनवायला लागली होती.

जादा ९० मिली दोनच ठिकाणांहून येऊ शकतं: क्रँकच्या डाव्या सीलमधून इंजिन ऑइल, नाहीतर गिअरबॉक्समधून. सील म्हणजे इंजिनाला हात घालणं, आणि गणपती तोंडावर. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे बायकोला विचारा.

बाकीचं आधी हातावेगळं केलं. केबलला हँडलजवळ दोन-तीन मिलिमीटर प्ले, बरोबर. गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणाखालचा अॅडजस्टर सोडून पुन्हा लावला, पुशरॉड (क्लच मोकळा करणारी आतली सळई) कुठे दाबून धरलेला नाही. तीन स्प्रिंगा व्हर्नियरनं मोजल्या, तिन्ही सारख्या. वायसर घालून स्प्रिंग कडक करा असा सल्ला मला चौघांनी दिलाय. करून बघितलं होतं गेल्या वर्षी. मनगट सुजलं, क्लच तसाच. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून फीलर गेज घालून बघितल्या, सपाट. फायबरच्या प्लेटा मात्र चमकत होत्या, तुळतुळीत, देवघरातल्या समईसारख्या.

मंगळवारी बाटलीतलं ऑइल घेऊन शहापूरला आमच्या मिस्त्रींकडे गेलो. ते कन्नड माणूस, मराठी आमच्याहून चांगली बोलतात. बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. "नोड्री, वास घ्या. हे इंजिनाचं न्हवं." आणि खरंच, मी घातलेल्या २०डब्ल्यू५० इंजिन ऑइलच्या वासाखाली एक कुजकट, लसणासारखा गंधकाचा वास. ईपी ९०, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. गिअर ऑइलमध्ये गंधक असतं, इंजिन ऑइलला तो वास नसतो. मी चाळीस वेळा ते ऑइल पाहिलं होतं, एकदाही हुंगलं नव्हतं. "काय करूलालास गा एवढे दिवस?" असं विचारून त्यांनी चहा सांगितला. इंजिन वाचलं! त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

आता गिअरबॉक्समधून येण्याच्या वाटा दोन. एक, मेनशाफ्ट पोकळ आहे आणि पुशरॉड त्यातून जातो, त्या भोकातून. दुसरी, शाफ्टच्या बाहेरून स्लीव्ह गिअरच्या बुशातून. दुसरी असेल तर बॉक्स खाली घ्यावा लागणार. क्लच पूर्ण उतरवून, सगळं पेट्रोलनं धुऊन, शाफ्टभोवती पावडर भुरभुरायची ठरली. बायकोनं आपुलकीनं रांगोळीचा डबा पुढे केला. रांगोळी म्हणजे दगडाची कच. क्लचच्या बेअरिंगात गेली की संपलंच. पोराची टाल्कम पावडर घेतली.

बुधवारी रात्री गाडी साइड स्टँडवर. गुरुवारी पहाटे टॉर्च लावून बसलो. बुशाची बाजू कोरडी ठणठणीत. आणि पुशरॉडच्या भोकाच्या खालच्या ओठावरून पावडरीत एक बारीक, मधाच्या रंगाची वाट उतरलेली, टोकाला थेंब लोंबकळतोय. गिअर ऑइल तिथून बाहेर पडलं की थेट प्रेशर प्लेटच्या मागे, आणि क्लच फिरला की सरळ प्लेटांवर उडणार, मग त्या घसरणारच. ९० मिली काय, १० मिली पुरे.

मग डोक्यात घंटा वाजली. साइड स्टँड! मेन स्टँड मी दोन महिन्यांपूर्वी प्लेटिंगला दिलाय, प्लेटिंगवाला अजून "उद्या, उद्या" करतोय. तेव्हापासून फौजी रोज डावीकडे कललेली. ऑइल क्लचकडे धावणारच. आणि याहून लाजिरवाणं असं की गिअरबॉक्सची लेव्हलही मी त्याच अवस्थेत तपासली. भरायची जागा उजवीकडे. गाडी डावीकडे कललेली, तिथून बघितलं तर ऑइल कमीच दिसणार. म्हणून वर ओतलं. दोनदा.

शुक्रवारी शेजाऱ्याला गाडी सरळ धरायला उभं केलं आणि जादा ऑइल काढलं. थोडं सेमी-फ्लुइड ग्रीस मिसळलं, जुने लोक घालत तसं. गाडी विटांवर सरळ टेकवून पुन्हा पावडर, पुन्हा रात्र. कोरडी. प्लेटा पेट्रोलनं धुतल्या, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून चकाकी उतरेपर्यंत आठच्या आकड्यात घासल्या. डब्यातल्या त्याच स्वस्तातल्या प्लेटा, हो. त्यांच्यावर मी जे काही लिहिलं होतं त्यातलं अर्धं मागे घेतो, भुग्याबद्दलचं नाही.

रॉडला खाच पाडून ओ-रिंग बसवायचा विचार होता, उद्यमबागेत लेथवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. पण रॉडची टोकं कडक केलेली असतात, मधे खाच म्हणजे वाकायला निमंत्रण. त्यापेक्षा उजव्या टोकाला ग्रीसमध्ये भिजवलेली नमद्याची चकती... हे लिहिता लिहिता सुचतंय की तीही नको. साइड स्टँडच्या पायालाच लोखंडी तुकडा वेल्ड केला की गाडी कमी कलेल! फार सरळ झाली तर खडेबाजारात कुणाच्या अंगावर उजवीकडे पडेल, म्हणून आधी १५ मिलिमीटरची लाकडी फळी खाली ठेवून बघणार.

काल जांबोटीच्या पुढे कणकुंबीपर्यंत जाऊन आलो, मागे तोच मेहुणा, भर पावसात. टॉपला पन्नासवर मूठ पूर्ण पिळली. आवाज आणि गाडी एकत्र गेले. तीनदा करून बघितलं, केवळ मजेसाठी. आज सकाळी, रात्रभर फळीवर उभी राहिल्यावर, पहिली किक अशी लागली की गुडघा हादरला. चोर्ला अजून बाकी आहे. मेहुणा म्हणतो, तू जा, मी टेम्पोनं येतो.

चेन केसचं सील अर्थातच पुन्हा गळतंय. आणि प्लेटिंगवाल्याकडे उद्या स्वतः जाऊन बसणार आहे.