आमची वाटचाल : सह्या, किल्ल्या आणि मोठ्या बाई

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, पाच माणसं, एक कुरकुरणारा प्रिंटर. बोर्डावर ‘शालेय व्यवस्थापन – सल्ला व प्रशिक्षण’ असं लिहिलंय, त्यामुळे आठवड्यातून एखादा तरी पालक दहावीच्या क्लासची फी विचारायला जिना चढून येतो. आम्ही काय करतो हे त्याला सांगता सांगता कधीकधी आम्हालाच नव्याने कळतं.

मी आधी एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पर्यवेक्षिका होते. तिथे तीन वर्षांत तीन मुख्याध्यापक बदललेले पाहिले. दर वेळी संस्थेच्या बैठकीत एकच वाक्य : “माणूस चांगला होता हो, पण पकड नव्हती.” खुर्चीत बसलेला माणूस सकाळपासून दुपारपर्यंत नेमकं काय करतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. 2013 मध्ये राजीनामा दिला, प्रॉव्हिडंट फंडातून लॅपटॉप घेतला आणि घरच्याच पुढच्या खोलीत धंदा सुरू केला. सासूबाई म्हणाल्या, “पगार सोडून दुसऱ्यांच्या मुख्याध्यापकांना शहाणं करायला निघालीस होय?” अगदी तसंच होतं.

पहिली तीन वर्षं कार्यशाळा घेतल्या. हॉटेलचा हॉल, दीपप्रज्वलन, ‘नेतृत्वाचे पैलू’, जेवणात गुलाबजाम, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळीकडे ‘उत्कृष्ट’. धंदा बरा चालला होता, हे कबूल करते. बोलायला मला आवडतं आणि ऐकायला आलेल्यांना एक दिवस शाळेतून सुट्टी मिळायची.

मग 2016 मध्ये एका शाळेत सहज डोकावले. हेडसरांच्या केबिनमध्ये आमचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आणि त्याच्या बरोबर खाली सर स्वतः शाळा सोडल्याचे दाखले लिहीत बसलेले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि वहीत नोंदी करत गेले. सात दहाला सुरुवात. बोनाफाइडवर सही. व्हॅनवाल्याची तक्रार. सचिवांचा फोन : पाण्याची टाकी धुतली का? आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलाचे वडील, पुस्तकांचे पैसे का मागितले म्हणून. सचिवांचा फोन : गॅदरिंगच्या मंडपवाल्याला अजून फायनल करू नका. खडूचा बॉक्स संपला, व्हाउचर संस्थेच्या कार्यालयात पाठवायचं. दोन शिक्षक रजेवर, ऑफ तास कुणाला द्यायचे. पुन्हा सचिव. साडेबारापर्यंत माझी दोन पानं भरली. एवढ्या वेळात सरांनी एकाही वर्गाचा उंबरा ओलांडला नव्हता.

निघताना त्यांचं लॉगबुक चाळलं. शिक्षकांचे पाठ पाहून मुख्याध्यापकाने निरीक्षणं लिहायची ती वही. महिन्याचे चार पाठ, एकच शाई, एकच हात, चारही ठिकाणी ‘फलकलेखन सुबक, विद्यार्थी सहभाग चांगला’. एका बैठकीत लिहिलेलं. मला ते ओळखू आलं, कारण पर्यवेक्षिका असताना मीही तेच करत होते.

त्या दिवसानंतर हॉटेलच्या हॉलची बुकिंग बंद केली. घरात दोन महिने तणावच होता.

त्याच वर्षी भाऊसाहेब आले. एका अनुदानित हायस्कूलमधून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. संचमान्यता (शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर ते), सेवापुस्तकं, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), सगळं हातावरच्या रेषांसारखं पाठ. माझं प्रशिक्षणाचं साहित्य त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि विचारलं, “मॅडम, यात नियम तीन कुठाय?”

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, नियमावली 1981 ची. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने द्यायचं ते नियम तीनप्रमाणे आणि निवृत्ती 58 व्या वर्षी. त्यामुळे अनुदानित शाळेत कितीतरी जण त्या खुर्चीत बसतात तेव्हा हातात उरलेलं असतं वर्ष-दोन वर्षं. तीस वर्षं भूमिती शिकवलेला उत्तम शिक्षक एका सोमवारी अचानक इमारत, वेतन, पालक आणि शिक्षण खातं यांचा मालक होतो. सगळं समजेपर्यंत निरोप समारंभाचा नारळ हातात. भाऊसाहेबांचं म्हणणं होतं की मुख्याध्यापकाला शिकवायला निघालात तेव्हाच उशीर झालेला असतो, ज्येष्ठता यादीतल्या पुढच्या चौघांना धरा. विनाअनुदानित शाळेत उलटा प्रकार. तिथे कायदा तोच लागू, पण सचिवांची मर्जी फिरली की माणूस बदलतो.

मग आम्ही दोघांनी मिळून एक कागद बनवला. आजही आमचा धंदा त्या एका कागदावर चालतो असं म्हटलं तरी चालेल. त्याला आम्ही ‘सह्यांचा तक्ता’ म्हणतो. शाळेतले रोजचे निर्णय एकाखाली एक लिहायचे आणि समोर तीन रकाने : ठरवणार कोण, विचारायचं कुणाला, नुसतं कळवायचं कुणाला. ऑफ तास, रजा, किरकोळ खरेदी, पालकांची तक्रार, सहलीचं ठिकाण, वर्गशिक्षक बदलणं. संस्थेचे पदाधिकारी आणि मुख्याध्यापक यांना एका टेबलावर बसवून तो भरून घ्यायचा. नंतर शाळा समितीत ठराव. नियमावलीत शाळा समिती आहेच, तिची बैठक मात्र पुष्कळदा इतिवृत्ताच्या वहीतच होते.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच शाळेत ‘किरकोळ खरेदी’ या ओळीवर दीड तास गेला. आम्ही सुचवलं, पाच हजारांपर्यंत मोठ्या बाईंनी न विचारता खर्च करावा. अध्यक्ष म्हणाले, “आज पाच म्हणताय, उद्या पन्नास म्हणतील.” मोठ्या बाई गप्प. भाऊसाहेबांनी अध्यक्षांना विचारलं, “अण्णा, तुमच्या दुकानातल्या पोराला गल्ल्यातून किती काढायची मुभा आहे?” अण्णा हसले. तीन हजारांवर तुटलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, पहिल्यांदा नळाच्या तोट्या बदलते.

फीच्या कायद्याने आमचं काम वाढवलं. राज्याचा शुल्क विनियमन कायदा 2011 चा, अंमल 2014 पासून. फी ठरवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं आणि तिचा अध्यक्ष असतो मुख्याध्यापक. म्हणजे संस्थेचा पगारदार माणूस पालकांसमोर बसून संस्थेच्या प्रस्तावावर बैठक चालवणार. अशा एका बैठकीच्या तयारीला गेलो होतो. मी विचारलं, “सर, विजेचं वर्षाचं बिल किती येतं?” सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, “मॅडम, बिल संस्थेत जातं. मी पाहिलेलं नाही.” बिल न पाहिलेला माणूस फीवाढ कशी समजावून सांगणार? एका शाळेबरोबर आमचं काम दोन वर्षं चालतं, त्यात तेव्हापासून पहिले तीन महिने मुख्याध्यापकाला शाळेचा जमाखर्च वाचायला शिकवण्यात जातात. कितीतरी सचिवांना हे पटत नाही. न पटलं तर आम्ही काम घेत नाही. हा ताठा नाही, दोनदा हात पोळलेत.

हात पोळण्यावरून आठवलं. 2018 मध्ये एका संस्थेने आम्हाला ‘शाळेचा अभ्यास करून अहवाल द्या’ म्हणून बोलावलं. आम्ही मन लावून लिहिला, कमतरता स्पष्ट मांडल्या. पंधरा दिवसांनी कळलं की आमच्याच अहवालातली वाक्यं उचलून मुख्याध्यापिकेला नोटीस दिली गेली. त्या बाईंनी मला फोन केला. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “तुम्ही माझ्या केबिनमध्ये चहा प्यायला होतात.” आता करारात कलम आहे : अहवाल आधी मुख्याध्यापकाच्या हातात, त्याचं म्हणणं जोडल्याशिवाय संस्थेकडे जाणार नाही. या कलमामुळे चार कामं गेली. जाऊ देत.

ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. निम्मं शहर पाण्यात आणि उंचावरच्या शाळा म्हणजे निवारा. आमच्या कामातल्या एका शाळेच्या फाटकाशी दुपारी माणसं येऊन थांबली : गाठोडी, म्हाताऱ्या, एक शेळी. मुख्याध्यापक हजर होते. हॉलची किल्ली मात्र सचिवांकडे आणि सचिव पुण्यात, रस्ते बंद. आमचा बावीस ओळींचा तक्ता नोटीस बोर्डावर व्यवस्थित लावलेला. त्यात सहलीची ओळ होती, गणवेशाची होती, किल्लीची नव्हती. संध्याकाळी सहाच्या सुमारास सरांनी शिपायाला सांगितलं, कुलूप तोड. नंतर त्या कुलपाबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासा भाऊसाहेबांनी लिहून दिला, तीन ओळींचा, आणि तो फारच देखणा होता. तक्त्यात आता तेविसावी ओळ आहे.

कोरोनाबद्दल थोडक्यात. मार्च 2020 ला शाळा बंद, आमची बिलंही बंद. भाऊसाहेबांनी सहा महिने पैसे घेतले नाहीत, एक मुलगी काम सोडून गेली. ऑगस्ट 2021 मध्ये शासनाने त्या वर्षाच्या फीत 15 टक्के कपात करायला सांगितली तेव्हा ज्या मुख्याध्यापकांना जमाखर्च वाचता येत होता, त्यांनी पालकांना आणि शिक्षकांना आकड्यांत उत्तरं दिली. बाकीच्यांनी फोन बंद ठेवले.

धंद्याचं गणितही सांगते, नव्याने उतरणाऱ्यांना उपयोग होईल. उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी आला. आमच्या बिलावर 18 टक्के लागतात आणि शाळेला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तेवढं त्यांच्या अंगावर. पहिल्या वर्षी तो फरक आम्हीच सोसला, चूक केली. शाळा पैसे देतात ते जून-जुलैची फी जमा झाल्यावर, त्यामुळे मार्च ते मे हातउसने. एका वेळी चौदाच शाळा घेतो. पंधरावी घेतली की पहिलीकडे जाणं चुकतं.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटल्यापासून एक नवीन फोन येतो : “तासांचं सर्टिफिकेट देता का?” पन्नास तासांत पुष्कळ होतं, जर ते शाळेच्या आवारात झाले तर. हॉलमध्ये नको म्हटलं की पलीकडून फोन ठेवला जातो. समित्यांचंही तसंच. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचा फलक भिंतीवर झळकतो आणि खाली नाव असलेल्या पालकबाईंना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नसतो. आम्ही आता पहिल्या भेटीत फलक वाचतो आणि त्यातल्या दोघांना फोन लावतो. शाळा कशी चाललीय ते पाच मिनिटांत कळतं.

आमचा सगळ्यात जास्त वाद होतो तो एका साध्या नियमावरून. पहिले दोन तास मुख्याध्यापक केबिनमध्ये नसेल. फोन लिपिकाकडे, सह्यांची फाईल मधल्या सुट्टीत. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, लॉगबुकात तिथल्या तिथे दोन ओळी लिहायच्या, मधल्या सुट्टीत त्या शिक्षकाशी बोलायचं. संस्थाचालक म्हणतात, तातडीचं काम आलं तर? दोन वर्षं मोजून पाहिलंय, तातडीचं म्हणून आलेलं बहुतेक काम मधल्या सुट्टीपर्यंत आपोआप शांत झालेलं असतं.

गेल्या आठवड्यात जतकडच्या एका शाळेत गेलो होतो. दुसरं वर्ष संपत आलंय, शिवाय पहिल्या वर्षाच्या बिलाचा एक हप्ता अडकलाय, तोही विचारायचा होता. आठ वाजता पोचलो. शिपाईमामांनी अडवलं. “मोठ्या बाई सातवी ब मध्ये आहेत. दुसरा तास सुटल्यावर भेटतील. बसा बाकावर.” भाऊसाहेब म्हणाले, अहो, आम्हीच तो नियम… मामा म्हणाले, “कुणीही असा, बसा.”

बसलो. पस्तीस मिनिटं.