तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या माणसांना चेहरे का नसतात

लग्नात विचारतात, प्रकाशन समारंभात चहाचा कप हातात घेऊन विचारतात, मुखपृष्ठावरचं नाव वाचून नंबर शोधून फोनही करतात. ‘तुमच्या चित्रांतल्या माणसांना नाक-डोळे का नसतात हो?’ काहींना वाटतं, चित्र अर्धवट राहिलंय आणि मी तसंच दिलंय. काहींना त्यात आजच्या माणसाचं हरवलेपण दिसतं, आणि ते मलाच समजावून सांगतात. एका बाईंनी तर ‘तुमच्यात चालत नाही का चेहरा काढलेला?’ असं अगदी हळू आवाजात विचारलं होतं.

बारा-तेरा वर्षं मी याची वेगवेगळी उत्तरं देतोय. २०१६ साली एका मुलाखतीत म्हणालो होतो, की चेहरा रिकामा ठेवला की वाचक तिथे स्वतःचा चेहरा बसवतो. फोटोसकट छापून आलंय. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं, की पुढे दोनेक वर्षं दिसेल त्या क्लायंटला ऐकवत होतो. आता कुणी ते मलाच ऐकवलं, की कानकोंडं व्हायला होतं. वाक्य खोटं नाही. पण आधी चेहरे गेले आणि मग चार वर्षांनी हे सुचलं. वरून घातलेलं सारवण ते.

दुसरं उत्तर मात्र मी आजही तोंड वर करून देईन. माणूस ओळखायला चेहरा लागत नाही. मुंबईच्या जे. जे.ला अप्लाइडला, म्हणजे उपयोजित कला शिकत असताना आम्हाला स्केचिंगला व्हीटीला पाठवायचे. लोकल येते, माणसं उतरतात आणि नाहीशी होतात. नाक-डोळ्यांना वेळच नसायचा. सर म्हणायचे, आधी तो वजन कुठल्या पायावर टाकून उभा आहे ते बघ, बाकीचं घरी जाऊन कर. घरी जाऊन बघितलं, की लक्षात यायचं, बाकीचं करायची गरजच नाही. हातात डबा धरलेली बाई दमलेली आहे की चिडलेली, हे तिचा खांदा सांगतो. त्यात अंक न्यूजप्रिंटवर असेल तर शाई पसरते. मी छपाईच्या दीडपट मोठं काढतो, ते छोटं होऊन छापलं जातं, आणि डोळ्याच्या कडेला जीव ओतून काढलेल्या चार बारीक रेघांचा एक काळा ठिपका होतो. मग त्या काढायच्या कशाला?

यावर हमखास चित्रकार दीनानाथ दलालांचं नाव निघतं. ‘दलालांच्या बायका कशा थेट तुमच्याकडे बघायच्या!’ बघायच्या. आजोळी माळ्यावर त्यांच्या ‘दीपावली’ या दिवाळी अंकाचा जुना गठ्ठा होता, दहावीची सुट्टी मी त्या बायकांचे डोळे गिरवण्यात घालवली आहे. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या देवांचे ते लोण्यासारखे गाल कसे जमवले असतील, याचा विचार मी अजून करतो. मला चेहरे जमत नाहीत म्हणून सोडले, असं कुणी म्हणालं तर लागतं. माझ्या चेहऱ्यांचं कौतुक व्हायचं. पण एक लक्षात घ्या. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढलं ते स्वतःचं. चित्र काढणारा आणि अंकाचा मालक एकच. मालकीचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही.

२०११ साली जुलैमध्ये एका दिवाळी अंकाचं काम आलं. नेहमीसारखंच : तीन कथा, प्रत्येकी दोन चित्रं, एक पानभर आणि एक चौकोनी, चित्राला आठशे रुपये, पैसे दिवाळीनंतर. एका कथेत रस्तारुंदीत घर जाणार असलेली म्हातारी होती. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडते आणि नोटीस घेऊन आलेल्या माणसाकडे मान वर करून बघते, एवढाच क्षण. माझी आई तेव्हा माझ्याकडेच होती. किडनीचा आजार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दुपारी ती गॅलरीत बसायची, खरंच काहीतरी निवडत. मी पॅड घेऊन समोर बसलो.

‘थांब रे, कवळी घालून येते.’

‘नको आई. अशीच बस.’

‘अशी? बोळकी?’

‘तुझं नाही गं, कथेतल्या म्हातारीचं चित्र आहे.’

‘मग तिला बसव.’

पण बसली. कवळी सैल झाली होती, हिरडीला लागायची, म्हणून घरात ती काढूनच ठेवायची. ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली, तोंडाभोवती सुरकुत्यांचं जाळं. मला तेच हवं होतं. क्रोक्विलने, म्हणजे अगदी बारीक निबच्या टाकाने, अर्धा दिवस नुसतं हॅचिंग करत होतो, रेघेला रेघ लावून छाया भरत होतो. इतका आनंद मला त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही कामात मिळालेला नाही, हे कबूल केलंच पाहिजे. चित्र भारी झालं. संपादकांनी फोन करून सांगितलं. अंक आल्यावर मावशीचा फोन आला, ‘ताई, तुझं तोंड छापलंय!’ आईने अंक बघितला, मिटला आणि रद्दीच्या वर ठेवला. मी तो उचलून कपाटात ठेवला आणि त्यावर आणखी विचार केला नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही डायलिसिसला रिक्षाने चाललो होतो. सिंहगड रस्त्यावर एका सिग्नलला थांबलो. समोर आठ बाय चारचा फ्लेक्स, दातांच्या दवाखान्याचा. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडे माझं चित्र. उंबरा, सूप, तांदूळ सगळं कापून नुसता चेहरा. उजवीकडे तोच चेहरा, तीच क्रोक्विलची जाळी, पण ओठ माऊसने ओढून रुंद केलेले आणि मध्ये कुठल्या तरी फोटोतले पांढरेशुभ्र दात बसवलेले. चित्रात उजेड डावीकडून येत होता, दातांवर उजवीकडून. माझ्या डोक्यात पहिला विचार हा आला. दात कुणाच्या तोंडात बसवलेत, हा नंतर.

तो सिग्नल किती सेकंदांचा असतो मला माहीत नाही. मी आईला विचारलं, पाणी हवंय का. ती काही बोलली नाही, बघत राहिली. रिक्षा सुटली. हॉस्पिटलचं गेट आलं तेव्हा म्हणाली, ‘त्यांनी तरी दात दिले.’

चिडून नाही म्हणाली. हसलीही असेल, माझी मान तिच्याकडे वळली नाही.

मग मी जे करायचं ते सगळं केलं, म्हणजे आरडाओरडा. छडा लागायला दोन दिवस लागले नाहीत. ज्याच्याकडे अंकाचं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, होत होतं, तोच फ्लेक्सही डिझाइन करायचा. माझी फाइल त्याच्या मशीनवर होती. डॉक्टरांनी ‘एक म्हातारी टाक’ म्हटलं, त्याने टाकली. संपादक म्हणाले, ‘आमच्या परवानगीने झालेलं नाही, पण चित्राचे पैसे आम्ही दिलेत ना तुम्हाला?’ दिले होते, होळीच्या सुमारास.

वकील मित्राकडे गेलो. इतकी वर्षं धंद्यात राहून मला जे माहीत नव्हतं, ते त्याने दहा मिनिटांत सांगितलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७. कलाकृतीचा पहिला मालक कलाकार, हे खरं. पण कुणी पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक करून घेणारा. माझं काम या व्याख्येत बसतं का, यावर भांडता येईल, तो म्हणाला, पण तुझ्याकडे कागद काय आहे? कागद नव्हता. फोनवरचं ‘करून टाका हो’ होतं. मात्र कलम ५७ तुझंच, असंही म्हणाला. मालकी गेली तरी चित्राची मोडतोड करून कलाकाराच्या मानाला बाध आणला, तर दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांनी मागितली होती. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणात उतरवून टाकलं होतं. २००५ साली हायकोर्टाने सरकारला ते परत करायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई.

नोटिशीचा मसुदा झाला. त्यात नेमकी काय मोडतोड झाली ते लिहायचं होतं. मित्राने लिहिलं होतं : ‘मूळ चित्रातील स्त्रीस दात नव्हते.’ मी ते चार वेळा वाचलं. कलाकाराच्या मानाचं कलम आहे. जिचं तोंड होतं, जिने ‘थांब’ म्हटलं होतं, तिच्या मानाबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते असतं तर नोटीस आधी मला आली असती. पाठवली नाही.

फ्लेक्स उतरला. डॉक्टर भला माणूस निघाला, फोनवर खूप वेळा माफी मागितली, आणि म्हणाला, आईंना घेऊन या, नवी कवळी करून देतो, पैसे नको. मी हे घरी रागाने सांगितलं. आई म्हणाली, ‘देतोय तर जाऊ या की. ही लागते मला.’

मी नाही म्हणालो. त्याच्या दारात जायचं नाही. दुसऱ्याकडे करू.

दुसऱ्याकडे माप द्यायला एकदा गेलो. मग तिचा हात सुजला, मग पावसाळा लागला, मग दिवाळी अंकांची कामं आली. २०१४ च्या फेब्रुवारीत ती गेली. कवळी जुनीच होती.

चेहरे कधी थांबले, तारीख सांगता येणार नाही. शपथ वगैरे घेतली नव्हती. त्या सीझनला चेहऱ्यापाशी आलं, की पेन थांबायचं. मग मी केस पुढे घ्यायचो, पदर ओढायचो, माणूस पाठमोरा करायचो. एका जाहिरात एजन्सीतल्या आर्ट डायरेक्टरने ते पाहिलं आणि म्हणाला, ‘वा, स्टाइल सापडली!’ आणि खरंच सापडली. बँका, विमा, मोबाइलवरची ॲप्स, सगळ्यांना बिनचेहऱ्याची माणसं हवी असतात. वय दिसत नाही, जात-गाव दिसत नाही, ‘ही बाई आमच्या ग्राहकासारखी वाटत नाही’ म्हणून करेक्शन येत नाही. चेहरे सोडल्यावर माझी मिळकत तिप्पट झाली. फ्लॅटचे हप्ते त्यावर फिटले. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा मी जो खिन्न चेहरा करतो, त्यात हेही धरा.

बायको म्हणते, प्रायश्चित्त घेतोस असं दाखवतोस आणि बिलं लावतोस. मी म्हणतो, कुणाची ओळख चोरायची नाही, एवढंच पाळतोय. ती म्हणते, झाली ती चोरी झाली, बाकीच्यांसाठी तरी कर की काहीतरी. यावर माझ्याकडे उत्तर नसतं, मग मी ई-मेलकडे वळतो. आता प्रत्येक कामाआधी लिहून पाठवतो : एका अंकापुरतं, एकदाच, बदल केल्यास विचारून. माझ्या बाजूचे सगळे कागद आता चोख आहेत.

या महिन्यात एका संपादकांनी कथा पाठवली. नर्मदेकाठची म्हातारी आहे, परिक्रमावासीयांना भाकरी देते. सोबत ओळ होती, ‘या वेळी चेहरा काढाल का? वाचक फार विचारतात.’ तीन रफ झाली आहेत. एकात दात आहेत, एकात नाहीत, एकात ती चुलीकडे तोंड करून बसली आहे. शुक्रवारी द्यायचंय.