सातविणीचं शाळेतलं नाव

आमच्या वर्गात बहुतेकांना दोन नावं होती. घरचं बाबलो नाहीतर बाय, आणि हजेरीपटावरचं वेगळंच. मैदानाकडेच्या सातविणीच्या झाडाचंही तसंच आहे, हे जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं.

घरचं नाव सोपं. संस्कृतात सप्तपर्ण, प्राकृतात सत्तवण्ण, आपल्याकडे सातवीण. पर्णातला 'प' झिजून 'व' झाला, दीपकाचा दिवा झाला तसा. बाईंनी फांदी वाकवून पानं मोजायला लावली. एकेका पेराभोवती गोल बसलेली, कुठे पाच, कुठे सहा, मधूनच सात. बोटं चिकाने चिकट झालेली. "बाई, सगळीकडे सात नाहीत ओ!" त्यावर बाई म्हणाल्या, "नाव ठेवणारा काय पेर न् पेर मोजत बसला होता?"

हजेरीपटावरचं नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस. 'स्कोलॅरिस' म्हणजे शाळेशी संबंधित. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये ते दिलं, कारण या हलक्या लाकडाच्या पाट्यांवर मुलं अक्षरं गिरवत. (आमच्या दगडी पाट्या फुटायच्या आणि घरी मार बसायचा. लाकडी पाटीवाल्यांची मजाच असणार.) 'अल्स्टोनिया' नंतर रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जोडलं, एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स अल्स्टन यांच्यावरून. हे अल्स्टन लिनियसच्या वर्गीकरणाचे कट्टर विरोधक! भांडणाऱ्या दोन पोरांना मास्तरांनी एकाच बाकावर बसवावं, तशी ती दोघं या नावात बसली आहेत.

नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून सातविणीच्या सालीचा रस प्यायचा, तेव्हा मात्र या झाडाचं कुठलंच नाव तोंडात येत नसे, इतका तो कडू. पोहे मिळेपर्यंत जीभ बाहेर.

आता मी ठाण्यात राहतो. पावसाळा सरला की रस्त्याकडेची सप्तपर्णी, म्हणजे हीच सातवीण, फुलते आणि सोसायटीत नाकं मुरडली जातात. पण कालिदासाच्या 'रघुवंशा'त या फुलांचा मदासारखा (माजावर आलेल्या हत्तीच्या अंगातून पाझरणाऱ्या स्रावासारखा) वास येताच रघूचे हत्ती जणू ईर्ष्येला पेटतात आणि सात ठिकाणांहून मद गाळू लागतात. पानांचे सात कालिदासाने हत्तींकडून वसूल केले.

शाळेच्या महोत्सवानिमित्त आवारातल्या झाडांना नावांच्या पाट्या लावणार असल्याचं कळलं. समितीला एकच विनंती: वर ठळक अक्षरांत 'सातवीण' लिहा, लॅटिन नाव खाली चालेल. आणि पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका, सुतळीने बांधा.