रेषेबाहेर गेलेला निळा रंग

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १८४६ ते १८४८ या काळात झालेल्या युद्धाचे एक शिळाछाप चित्र परवा पडद्यावर मोठे करून पाहत असताना माझी नजर घोड्यावरच्या सेनापतीवरून मागच्या एका सैनिकाच्या बाहीवर गेली. डगल्याचा निळा रंग तेथे रेषा ओलांडून शेजारच्या धुरात उतरला होता. कुंचला धरणाऱ्या हाताला घाई होती, हे इतक्या वर्षांनंतरही स्पष्ट दिसत होते, आणि तेव्हापासून ही चित्रे त्या हातापासूनच पाहायला सुरुवात करावी, असे मला वाटू लागले आहे.

शिळेवरून उमटत असे ती केवळ काळी रेषा. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने उलटे चित्र काढत. शिळा भिजवली की कोरी जागा पाणी धरून शाईला दूर ठेवी आणि खडूची खूण तेवढी शाई घेई. रंग त्यानंतर हाताने भरला जाई. न्यूयॉर्कच्या नथॅनियल करियर यांच्या व्यवसायात, ज्याला १८५७ मध्ये जेम्स आइव्ह्ज भागीदार झाल्यावर ‘करियर अँड आइव्ह्ज’ हे नाव मिळाले, हे काम स्त्रिया करीत असत. रंगवलेला नमुना समोर ठेवलेला असे, प्रत्येकीकडे एकच रंग असे, आणि तिचा रंग भरून झाला की कागद पुढच्या स्त्रीकडे सरके. रणांगण न पाहिलेल्या या स्त्रियांनी भरलेल्या रंगांतूनच हजारो घरांना युद्ध दिसले. लहान चित्र पाव डॉलरच्या आसपास मिळत असल्यामुळे ते सामान्य घराच्या भिंतीवरही लागू शके.

चित्र काढणाराही बहुधा रणांगणावर गेलेला नसे. वर्तमानपत्रातल्या मजकुरावरून तो प्रसंग रचत असे. अमेरिकी तोफखान्याचे मेजर सॅम्युअल रिंगगोल्ड ८ मे १८४६ रोजी पालो आल्तोच्या लढाईत जबर जखमी झाले आणि तीन दिवसांनी वारले, परंतु करियर यांच्या चित्राचे शीर्षक त्यांचा मृत्यू त्या लढाईतच घडवते. हे मला निव्वळ खोटेपण वाटत नाही. ज्या घरात ते चित्र टांगले जाणार होते, त्या घराला वीरमरण एका दृष्टिक्षेपात पाहायचे होते, आणि तीन दिवसांची वेदना एका चौकटीत मावणारी नव्हती. कार्ल नेबेल यांची याच युद्धाची बारा चित्रे मात्र निराळी आहेत; पूर्वी मेक्सिकोत राहिलेल्या या चित्रकाराला तो प्रदेश ठाऊक होता, आणि पत्रकार जॉर्ज केंडॉल यांच्या मजकुरासह १८५१ मध्ये निघालेल्या त्यांच्या संग्रहात डोंगर आणि मैदान यांना माणसांइतकेच स्थान आहे.

पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मधील अँटिएटमच्या लढाईनंतर, मृत सैनिकांची छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या दालनात लोकांनी पाहिली. तरीही लढाईची रंगीत चित्रे निघतच राहिली, कारण त्या वेळच्या कॅमेऱ्याला धावते सैन्य पकडता येत नव्हते आणि त्याच्याकडे निळा व लाल रंगही नव्हता.

चित्राच्या तळाशी प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि बहुधा वर्ष असते. रंगवणारीचे नाव कधीच नसते. म्हणून आता एकाच चित्राच्या जितक्या प्रती सापडतील तितक्या शेजारी ठेवून, निळा रंग कोठे थांबला आणि कोठे ओसंडला, एवढेच मी पाहत बसतो.