‘मे’ लिहिलंय, ‘शॅल’ नाही

पीएच.डी. चालू असताना बाळ झालं तर कसं निभतं, असं विभागातल्या धाकट्या मुली मला विचारतात. बाळाचं निभतं. अर्जाचं निभत नाही.

माझं काम साताऱ्याजवळच्या कास आणि आसपासच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या पावसाळी वनस्पतींवर. ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच आमचा हंगाम. गेंद, सीतेची आसवं फुलतात, मग सडा वाळून कोरडा ठक्क होतो. लेक जून 2023ची, म्हणजे ते वर्ष हातचं गेलंच. पण त्याची मनाची तयारी होती. गाईड मॅडमही चांगल्या, ‘नमुने पुढच्या वर्षी’ म्हणून मोकळ्या झाल्या.

घोळ झाला तो माझ्याच एका वाक्याने. मे महिन्यात अर्ज केला: ‘बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा मंजूर व्हावी आणि त्या काळात फेलोशिप चालू राहावी.’ या वाक्यातल्या ‘आणि’ने माझे सात महिने खाल्ले.

खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणाले, “240 कुठून आणलेत मॅडम? बाळंतपणाची रजा 180 दिवस असते.” मी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पीएच.डी. नियमाची प्रिंट पुढे केली. त्यांनी वरची तारीख बघितली. “हा 2022चा. तुमची नोंदणी 2021ची. तुम्हाला जुना नियम.” बरोबर होतं. घरी येऊन 2016चा नियम काढला, त्यातही 240च दिवस! पिवळ्या पेनने ओळ रंगवली आणि दीड महिन्याच्या मुलीला आईकडे ठेवून परत गेले. भाऊसाहेबांनी बोटावर रबरी टोपी चढवली, ओळीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, “यात ‘मे’ लिहिलंय. ‘शॅल’ नाही. म्हणजे देता येईल. द्यावीच असं नाही.”

मी त्या खुर्चीत बसून रडले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. (रडले जिन्यात.)

मग फाईल फिरायला लागली. पीएच.डी. विभाग म्हणे, पैशाचा प्रश्न आहे, आधी वित्त विभागाचा अभिप्राय. वित्त विभाग म्हणे, आधी रजा मंजूर करा, मग अभिप्राय. इकडे फेलोशिप थांबलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे पैसे आपोआप येत नाहीत. दर महिन्याला विद्यापीठातला ‘मेकर’ बँकेच्या पोर्टलवर तुमचं नाव भरतो, ‘चेकर’ त्याला होकार देतो, तेव्हा खात्यात जमा होतात. मेकरला हजेरी लागते. विभागाने हजेरीत ‘रजेवर’ लिहिलं होतं. मेकर म्हणाले, रजेचा आदेश दाखवा. आदेश फाईलमध्ये, फाईल दोन टेबलांच्या मध्ये. तेव्हा मी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) होते, महिना 42,000 आणि घरभाडे भत्ता वेगळा. ऐन दवाखान्याच्या बिलांच्या दिवसांत सगळं शून्य.

हो, एक सांगायचं राहिलं. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज ‘आलाच नाही’ असं एकदा ऐकवून झालं होतं, शिक्का होता म्हणून वाचले.

नोव्हेंबरात मुलीला बरोबरच घेऊन गेले. दूध पाजायला जागा नाही, म्हणून रेकॉर्डच्या कपाटांमागे एका स्टुलावर बसले. तिथे निवृत्तीला आलेल्या एक बाई जुन्या फायली लावत होत्या. मांडीवरच्या पिशवीतून माझा अर्ज डोकावत होता, तो त्यांनी ओढून वाचला. “अगं, दोन वेगळ्या गोष्टी एका कागदावर कशाला मागितल्यास? 180 पैशाचे, 240 मुदतीचे.”

एवढंच होतं! फेलोशिप बाळंतपणाच्या रजेत पूर्ण मिळते, पण केंद्र सरकारच्या रजेच्या नियमाने, म्हणजे 180 दिवस. 240 दिवस पीएच.डी.च्या नोंदणीसाठी, ते मुदतीच्या हिशोबात धरू नयेत म्हणून. दोन्ही आकडे खरे, दोन्ही टेबलं खरी, आणि माझ्या कागदावर दोघांना एकमेकांचा आकडा चुकीचा दिसत होता. सात महिन्यांत हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तिथेच स्टुलावर दोन अर्ज लिहिले. एक वित्त विभागाला, एक पीएच.डी. विभागाला, सोबत डिस्चार्ज कार्ड आणि मुलीचा जन्मदाखला. तीन आठवड्यांत दोन्हीकडून होकार.

मुदतीवरून आठवलं. 2016च्या नियमात मुदत सहा वर्षं, आणि स्त्रियांना वर आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. ती या 240 दिवसांपेक्षा वेगळी. ‘तुम्हाला दोन वर्षं आहेत की, रजा कशाला?’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आणि सहामाही प्रगती अहवाल रजेच्या काळात येत असेल तर पुढे ढकलण्याची विनंती लेखी द्या, तोंडी नको. आणखी एक, वनस्पतिशास्त्रवाल्यांसाठी: हर्बेरियमच्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईड लावलेलं असतं, म्हणजे पारा. दिवस गेल्याचं गाईडना लवकर सांगा आणि ते काम दुसऱ्याकडे द्या. मी लाजेपायी तीन महिने गप्प राहिले, ते चुकलं.

2024चा हंगाम मात्र सोडला नाही. सासूबाई गाडीत नातीला मांडीवर घेऊन बसायच्या, मी धुक्यात पालथी पडून गेंद मोजायची, दर दोन तासांनी हाक यायची.

नोंदणीच्या रजेचा आदेश हातात आला तेव्हा आधी पेढे घेतले, मग वाचला. ‘204 दिवस’ असं टाइप झालं होतं. परत खिडकीवर. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, आकडा बघितला आणि म्हणाले, “शुद्धिपत्रक काढावं लागेल. अर्ज द्या.”

दिला. प्रतीवर शिक्का घेऊन.