अर्धा कॅल्विन आणि सोलापुरी चादर

मे महिन्यात सोलापूरला जाऊ नकोस, असं मला चार जणांनी बजावलं होतं. त्यातले दोघे सोलापूरचेच. पण मावसबहिणीचा फोन आला. "पाळकसाहेबांची पुस्तकं काढायला लागलेत. रद्दीवाला वजन बघून गेला, बारा रुपये किलो म्हणतोय. पाहिजे असतील तर लगेच ये." मी शुक्रवारची रजा टाकली.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतही शिकलेलो नाही. बँकेत आहे. पण गेली पंधरा वर्षं ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पुस्तकं जमवतोय. आधी एक फळी होती, मग कपाट झालं, आता मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखालीही खोकी सरकली आहेत. या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट मला नऊ वर्षं डाचत होती. माझ्याकडे जॉन कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथाचा फक्त दुसरा खंड आहे. १५३६ साली हे पुस्तक सहा प्रकरणांचं होतं. कॅल्विन ते वाढवत राहिला आणि १५५९ च्या शेवटच्या लॅटिन आवृत्तीत त्याची ऐंशी प्रकरणं झाली. १९६० चं इंग्रजी भाषांतर दोन जाड खंडांत आहे. त्यातला दुसरा मला पुण्यात फुटपाथवर ऐंशी रुपयांना मिळाला. तो सुरू होतो प्रार्थनेच्या प्रकरणापासून. म्हणजे देव कोण, ख्रिस्त कोण, तारण, म्हणजे पापातून सुटका, कसं होतं, यातलं काहीच न वाचता मी थेट प्रार्थनेला बसलो. बहिणीला मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "त्यात कॅल्विन आहे का?" ती म्हणाली, "मला काय माहीत? जाड जाड आहेत सगळी."

इंद्रायणी एक्स्प्रेसमध्ये खिडकी मिळाली. दौंडच्या आधी केडगाव मागे पडलं. इथेच मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. भाषा मुद्दाम साधी ठेवली, कमी शिकलेल्या बाईलाही कळावी अशी. छपाईही मुक्तीतच झाली. दर वेळी या स्टेशनावरून जाताना एकदा उतरू म्हणतो आणि दर वेळी समोसेवाला येतो. कुर्डुवाडीनंतर वारा असा गरम झाला की खिडकी मिळाल्याचा आनंद संपला.

स्टेशनजवळच्या लॉजबद्दल एवढंच सांगतो: दोन्ही नळांना गरम पाणी होतं आणि मॅनेजरला त्याचा अभिमान वाटत होता.

मिशनच्या जुन्या आवारामागे पाळकसाहेबांचं घर. अमेरिकन मराठी मिशननं एकोणिसाव्या शतकात सोलापुरात ठाण मांडलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मिशनशी बांधलेली अशी घरं इथं बरीच आहेत. साहेब जाऊन दोन वर्षं झाली. बाई ब्याऐंशीच्या. बालवाडी चालवायच्या, त्यामुळे सगळी मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, त्यांना 'बाई'च म्हणते. मी "सलाम, बाई" म्हणालो. त्यांनी सलाम घेतला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जेवा. पुस्तकं कुठं पळालीत?"

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. पुण्यात सोलापुरी चटणी म्हणून जे विकतात, त्याविषयी मी यापुढे मौन बाळगणार आहे.

जेवण झाल्यावर कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि एक चंदेरी कसर माझ्या अंगठ्यावरून पळाली. "पृथ्वीवर संपत्ती साठवू नका," बाई मागून म्हणाल्या, "तेथे कसर व जंग खाऊन नाश करतात. मत्तय सहा. साहेब दर उन्हाळ्यात पुस्तकांना ऊन देताना हेच वचन म्हणायचे आणि पुन्हा साठवायचे." एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांचं नव्या करारावरचं भाष्य होतं, पुठ्ठा गेलेलं. 'ज्ञानोदय' या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे बांधलेले जुने अंक होते. आणि इंग्रजी पुस्तकं तीन फळ्या भरून. मधल्या फळीवर कॅल्विन, पहिला खंड. मी त्याला लगेच हात लावला नाही. लग्नाची मुलगी बघायला गेलेला माणूस आधी पोह्यांकडे बघतो, तसं मी पदमनजी चाळत बसलो.

बाईंनी खुर्ची ओढली. मांडीवर परात, परातीत लसूण. "एक करायचं," त्या म्हणाल्या. "जे घ्याल, त्यात काय आहे ते मला सांगायचं. मला इंग्रजी येत नाही. साठ वर्षं फडकं मारलं यांच्यावर. साहेब रात्री वाचलेलं सांगायचे. तुम्हीही सांगा."

मला हे सोपं वाटलं. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रावरचं एक भाष्य उचललं आणि सुरू झालो, "यात जस्टिफिकेशन बाय फेथ..."

"मराठीत."

"म्हणजे विश्वासाने देव आपल्याला नीतिमान करतो..."

"करतो का ठरवतो?"

माझ्या हातात पुस्तक तसंच राहिलं. या एका क्रियापदावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडचं चर्च दुभंगलं होतं. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं १५४७ मध्ये त्यावर सबंध ठराव केला. नुसतं नीतिमान ठरवणं नाही, माणूस आतून नवा होणं त्यातच येतं, असं रोमचं म्हणणं. आधी न्यायाधीशासारखं ठरवणं, बदलणं त्याच्या मागून, असं प्रोटेस्टंट सुधारकांचं. या वादावर माझ्याकडे अकरा पुस्तकं आहेत. आणि बाई लसणाची पाकळी सोलत विचारत होत्या, करतो का ठरवतो.

"ठरवतो," मी म्हणालो.

"मग तसं म्हणा की."

चौथ्या अध्यायाशी साहेबांच्या पेन्सिलीची बारीक नोंद होती: 'गणणे. जमाखर्चातला शब्द. दुसऱ्याची जमा आपल्या खात्यावर.' मूळ ग्रीक शब्द त्या एका अध्यायात अकरा वेळा येतो, हे मला ठाऊक होतं. इंग्रजीत. दिवसभर इकडची रक्कम तिकडे जमा करणाऱ्या मला ते मराठीत कधी सुचलं नव्हतं. नंतरच्या दोन तासांत मी असाच अडखळत राहिलो. 'रेव्हेलेशन'ला प्रकटीकरण म्हणालो, तर बाईंना वाटलं मी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाबद्दल बोलतोय. 'कव्हेनंट' करार झाला, तिथं जमलं. एका जर्मन लेखकाच्या पुस्तकाबद्दल मला तीन वाक्यांपलीकडे काही सांगता येईना. बाई म्हणाल्या, "हे राहू द्या. वाचलं नाही तुम्ही." खरं होतं. माझ्या घरी त्याची वेगळी प्रत आहे, तीही वाचलेली नाही.

नव्यानं संग्रह करणारे मला विचारतात, सुरुवात कशी करू? मी ऐटीत सांगतो, संच घेऊ नका, एकेक पुस्तक घ्या. माझ्याकडे प्राचीन मंडळीच्या धर्मपित्यांचे दहा खंड आहेत. सात अजून चिकटलेल्या पानांचे आहेत.

शेवटी कॅल्विन काढला. त्या खंडातल्या दुसऱ्या ग्रंथाच्या, म्हणजे भागाच्या, चौदाव्या प्रकरणात एक पान दुमडलेलं होतं. ख्रिस्ताचे दोन स्वभाव, देवाचा आणि माणसाचा, मिळून एक व्यक्ती कशी, हा तिथला विषय. चर्चच्या खाल्सेदोन इथल्या परिषदेनं ४५१ मध्ये त्याला चार नकारांची कुंपणं घातली: मिसळण नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. कॅल्विन शरीर आणि आत्म्याचा दाखला देतो. साहेबांनी शेजारी आपला सोलापुरी दाखला लिहिला होता: 'उभा धागा, आडवा धागा. कापड एक.' त्यावर काट मारलेली. आणि खाली, वेगळ्या पेन्सिलीनं: 'हिचे म्हणणे बरोबर. धागा निघतो.'

मी ते वाचून दाखवलं. बाईंचे हात थांबले.

"लिहून ठेवलं होय?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मंडळीत निम्मी माणसं गिरणीतली. रविवारी त्यांना हेच सांगणार होते. शनिवारी रात्री मला म्हणून दाखवलं. मी म्हटलं, साहेब, मी जुन्या लुगड्यातला दोरा ओढून गोधडी शिवते. धागा निघतो की. मग निघालेला देव का राहिलेला देव? जेवले नाहीत त्या रात्री. रविवारी दुसराच संदेश दिला. मला वाटलं, रागावले."

त्यांनी हात पदराला पुसले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मांडीवर ठेवलं. "हे नाही देणार."

इथं मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण हा सगळा मजकूर त्यापायीच लिहितोय. मी म्हणालो, "बाई, याचे मी वेगळे पैसे देतो."

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चहा घेणार ना?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. त्या उठून आत गेल्या तेव्हा कॅल्विन बरोबर घेऊन गेल्या, चहाच्या पातेल्यापर्यंत.

तेवीस पुस्तकं मिळाली. पैसे घेतले नाहीत, रविवारी दानपेटीत टाका म्हणाल्या. मी शनिवारीच निघणार होतो, ते त्यांना सांगवलं नाही, म्हणून मुक्काम वाढवला. शनिवारी सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला आणि उन्हानं आलेली डोकेदुखी. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसलो. पेटी समोर आली तेव्हा रद्दीवाल्याच्या दरानं हिशेब करावा की फुटपाथच्या, हा विचार मनात येऊन गेला. बाई पुढच्या बाकावर होत्या. निघताना म्हणाल्या, "त्या जर्मनाचं वाचलं की फोन करा."

पुस्तकांना खोकं मिळेना, म्हणून चादर घेतली आणि गाठोडं बांधलं. सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये ते वर ठेवताना शेजारच्या काकांनी हात दिला आणि वजनानं दचकले.

"सोलापुरी का? किती घेतल्या?"

"बऱ्याच," मी म्हणालो.

"कितीला पडली एक?"

"वरची साडेसहाशेला."

केडगाव आलं तेव्हा काका झोपले होते. मी गाठोड्यात हात घालून त्या जर्मनाचं पुस्तक शोधत होतो, आणि मग आठवलं, ते बाईंनी दिलंच नव्हतं. माझं घरीच आहे.